माप नक्की नाही

घरात तिला भोंगा म्हणत. हे नाव आजोबांनी ठेवलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं होतं, की शाळेच्या हजेरीत खरं नाव पुकारलं की तिलाच क्षणभर वाटायचं, ही कोण बाई नवी मुलगी आली वर्गात? भोंगा कुजबुजली तरी समोरच्या घरातल्या काकू खिडकीतून उत्तर द्यायच्या. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि यंदा तर काय, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर! आधीच हौस, त्यात पडला पाऊस. ढाल घेऊन घरी आली त्या दिवसापासून ती दूधवाल्याशीसुद्धा दोन्ही हात पसरून बोलू लागली होती.

"आवाज कमी," आजोबा म्हणायचे. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि चहाच्या वेळी दोनदा. आजोबांनी सारा जन्म पाणीपुरवठा खात्यात घरोघरचे मीटर वाचले होते. वाकायचं, झाकण उचलायचं, आकडा बघायचा, लिहायचा, पुढच्या घरी जायचं. या कामाला बोलावं लागत नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याचे शब्द शिल्लक राहिले होते आणि ते सगळे आपल्याला मिळालेत, असं भोंग्याचं मत होतं.

तर त्या रविवारी सकाळी आजोबा पेपर घेऊन गच्चीत गेल्याचं बघून भोंग्यानं स्वयंपाकघरात सभा भरवली.

"येत्या अकरा ऑक्टोबरला आजोबा पंचाहत्तर वर्षांचे होतात," ती म्हणाली. "मी फुगे आणते. पप्पा केक आणतील. आई, तू..."

"तू गप्प बसशील," आई म्हणाली. "त्यांना चालत नाही, ठाऊक नाही का तुला? पन्नाशीला नाही केलं, साठीला नाही केलं. साठीला पप्पांनी नुसता हार आणला, तर तो त्यांनी दाराबाहेर खिळ्याला टांगून ठेवला दिवसभर."

"पण का?"

"त्यांनाच विचार."

आईनं हे टाळायला म्हटलं होतं. पण भोंगा ती. चार चार पायऱ्या चढत गच्चीत पोचली आणि विचारून मोकळी झाली.

आजोबांनी पेपर खाली ठेवला नाही. पेपराच्या आडूनच म्हणाले, "मी आलो आणि माझी आई गेली. एकाच दिवशी. त्यात फुगे कसले लावायचे?"

भोंग्यानं पसरलेले दोन्ही हात खाली घेतले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. चक्क हळू.

"सांगायला कशाला हवं? दर अकरा ऑक्टोबरला अण्णा दुकान बंद ठेवायचे. माझे वडील. शिंप्याचं दुकान, सणासुदीला बंद नसायचं, पण त्या दिवशी टेप खुंटीला आणि मशीनवर चादर. आईचा दिवस, एवढंच म्हणायचे. मग चौथीत होतो तेव्हा शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख वाचली. अकरा ऑक्टोबर. घरी येऊन आत्याला विचारलं, आत्या, मी झालो त्याच दिवशी आई गेली का गं?"

"मग?"

"आत्या रडायला लागली." आजोबांनी पेपराचं पान उलटलं. "मग काय विचारायचं राहिलं?"

ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज मीटरचा आकडा सांगावा तसा होता. चार, सात, शून्य, दोन.

दुपारपर्यंत तिचा बेत ठरला होता. फुगे नकोत ना, नसू देत. पण पणजीचा एक फोटो नाही घरात, तिची एक वस्तू नाही. ती केवढी होती, कुठली होती, काय करायची, कुणाला माहीत नाही. नाव तेवढं उरलंय आणि एक तारीख. मग आजोबांना भेट म्हणून पणजीचीच माहिती काढून द्यायची! जिथून मिळेल तिथून. सुरुवात पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यापासून. अर्जावर आजोबांची सही लागणार होती. ती त्यांनी केली, पण "त्या ऑफिसातली माणसं तुला उभं करणार नाहीत," असा आशीर्वादही दिला.

"मला?" भोंगा म्हणाली. "मी पहिला नंबर आहे, आजोबा."

"आवाज कमी."

सोमवारी भोंगा थेट तिथं पोचली. नोंदणी खातं एका लांबट खोलीत होतं. छतापर्यंत लोखंडी कपाटं, कपाटांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ, आणि या सगळ्यांच्या पायथ्याशी एक बाई. बाईंकडे दोन चष्मे होते, एक नाकावर आणि एक कपाळावर. जिवंत माणसाकडे बघायचं असलं की नाकावरचा खाली यायचा.

"आदरणीय मॅडम," भोंग्यानं सुरुवात केली, "आपल्या पूर्वजांच्या स्मृती जपणं हे प्रत्येक नागरिकाचं..."

"जन्म की मृत्यू?"

"मृत्यू."

"मग एवढ्या आनंदात का सांगतेस? साल बोल. तारीख बोल."

शेवटच्या खुर्चीवरचा शिपाई खुदकन हसला. भोंग्याचे कान लाल झाले, पण तिनं साल, तारीख आणि पणजीचं नाव नीट सांगितलं. बाईंनी अर्ज वाचला, कपाट क्रमांक अकरा उघडलं आणि पाटावरवंट्याएवढ्या वजनाचं एक पुस्तक टेबलावर आणून आदळलं. धूळ उडाली. दोघी एकदम शिंकल्या, आणि शिंकेनं ओळख पटकन होते.

"अकरा तारखेला नाहीये," भोंगा पानावर वाकून म्हणाली.

"तिथं कसं असेल? हे पुस्तक मेल्याच्या दिवसानं चालत नाही बाळा, कळवल्याच्या दिवसानं चालतं. घरात माणूस गेल्यावर कोण त्याच दिवशी पळत येतं नोंद करायला? पुढं बघ. बारा, तेरा... हे बघ. पती, धंदा शिंपीकाम. हेच?"

हेच. काळी शाई तपकिरी झाली होती. पणजीचं नाव, वय सव्वीस, मृत्यू अकरा ऑक्टोबर. सव्वीस! भोंग्याची मामेबहीण सव्वीस वर्षांची होती आणि अजून मोबाइल हरवायची. भोंगा कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत राहिली. त्यामुळे पुढचा रकाना बाईंनी वाचला.

"कारण, ताप. नऊ दिवस." त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर केला. "तू तर अर्जात लिहिलंयस, बाळंतपणात वारल्या."

"हो. आजोबा झाले त्याच दिवशी."

"छे." बाईंचं बोट दोन ओळी खाली सरकलं. "ही बघ, बाळंतपण. त्या पानावर अजून एक, बाळंतपण. तेव्हाचा कारकून स्वच्छ लिहायचा. एवढा नीट माणूस बाळंतपणाला ताप लिहायचा नाही. थांब."

आता बाईंनाच चेव चढला. त्यांनी त्याच सालचं जन्माचं पुस्तक काढलं. ऑक्टोबर बघितला, नोव्हेंबर बघितला, उशिरा कळवलं असेल म्हणून डिसेंबरही बघितला. शिंप्याकडे मुलगा झाल्याची नोंद कुठंच नव्हती. मग मागे मागे जात जानेवारीपर्यंत पोचल्या. नाहीच.

"त्याच्या आधीचं साल?" भोंग्यानं विचारलं.

"आधीची दोन सालं पाण्यात गेली. गच्चीवरची टाकी फुटली होती, मी नोकरीला लागायच्या आधी. पुस्तकं नव्हे, लगदा झाला."

"टाकी? म्हणजे पाणीपुरवठा खातं?"

"दुसरं कोण?"

"आजोबांच्याच खात्यानं आजोबांना बुडवलं!" भोंगा ओरडली, आणि लांबट खोलीत पाच माना वळल्या.

बाईंनी उतारा लिहून दिला, शिक्का मारला. मग नाकावरचा चष्मा खाली ओढून म्हणाल्या, "हे बघ, मला काय वाटतं ते तुलाही वाटतंय. पण वाटणं म्हणजे नोंद नाही. मेलेल्याचं आमच्याकडे असतं. जगलेल्याचं घरी शोध."

आणि मग जे घडलं ते त्या घराच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. भोंगा गप्प बसली. एक दिवस नाही, तीन दिवस!

तिला कळत होतं, हा उतारा अर्धाच आहे. आजोबांपुढे नेला आणि ते म्हणाले, बाळंतिणीलाही ताप येतो, तर? नऊ दिवस ताप, नवव्या दिवशी मी झालो असेन, तर? पासष्ट वर्षं उराशी धरलेलं ओझं एका कागदानं उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत ठेवायचं, असला खेळ आजोबांशी नको. म्हणून उतारा भूगोलाच्या वहीत ठेवून तिनं तोंड शिवून घेतलं. पहिल्या दिवशी आईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू विचारायला आल्या, पोरगी गावाला गेली का?

आजोबा फक्त चहाच्या वेळी दोनदा सवयीनं "आवाज..." म्हणून थांबले.

तिसऱ्या दिवशी आईनं आजोबांच्या दोन पँटी कमरेत घट्ट करायला दिल्या आणि भोंग्याला त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे धाडलं. शिंपी तरुण होता, कानात गाणी चालू होती. त्यानं आजोबांच्या कमरेला टेप गुंडाळली, "अडतीस," म्हणाला आणि टेप गळ्यात टाकून मोकळा झाला.

"लिहून घ्या," आजोबा म्हणाले.

"राहतंय लक्षात, काका."

"नाही राहत. डोकं म्हणजे फाटका खिसा. ठेवलेलं गळतं. माझे वडील म्हणायचे, आकडा तोंडानं बोलला की आधी वहीत, मग कात्री. त्यांना स्वतःच्या शर्टाचं माप विचारलं तरी वही उघडायचे."

भोंगा गर्रकन वळली.

"आजोबा," ती म्हणाली, "त्या वह्या कुठायत?"

"माळ्यावर, मशीनशेजारी. असतील बारा-चौदा. गावातल्या लोकांच्या छात्या आणि कमरा. त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

पण तोवर भोंगा रस्त्याच्या टोकाला पोचली होती.

वह्या तेराच निघाल्या. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूनं साल. भोंगा माळ्यावरच मांडी घालून बसली आणि पणजोबांचं गाव तिच्यासमोर उभं राहिलं, नावानिशी नाही, मापानिशी. शिंप्यानं कुणाचं नाव लिहिलंच नव्हतं. "पोस्टमास्तर: पोट वाढले, सांगू नये." "थोरले वकील: डावा खांदा उतरता, भरण घालणे." "घड्याळवाल्याची सासू: गळा आणखी वर, असे चार वेळा बजावले." भोंगा एकटीच हसत होती. 'आईचा दिवस' एवढंच बोलणाऱ्या पणजोबांच्या पोटात एवढ्या गमती!

आणि मग, आजोबांच्या कागदावरच्या जन्माच्या दोन वर्षं आधीच्या वहीत, पोस्टमास्तर आणि एका कंडक्टरच्या मध्ये, तीच ती बारीक अक्षरं: "तीन जून. घरचा मुलगा. आज पंधरा दिवसांचा. झबले. छाती साडेतेरा."

भोंग्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग बोटांवर मोजलं, आणि पायाची बोटं लागत असतानाही माळ्यावरून पडली नाही ही नवलाची गोष्ट. घरचा मुलगा एकच होता. शिंप्याला दुसरं मूल झालं नव्हतं.

ती पानं उलटत गेली. "घरचा मुलगा: रांगतो, गुडघ्याला दुहेरी कापड." "घरचा मुलगा: चालू लागला, तुमान." बाळ पानागणिक इंचाइंचानं वाढत होतं. पुढच्या वहीत गेली, त्याच्या पुढच्या, सप्टेंबरपर्यंत. चार सप्टेंबरच्या पानावर ती थांबली. तिथून पुढं तिला वाचताच येईना, कारण अक्षरं हलायला लागली होती.

त्यानंतर ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या दोन तारखेपासून तीन आठवड्यांची पानं कोरी. आकडा नाही, तारीख नाही, काही नाही.

आजोबा गच्चीत होते. भोंगा आली ती धुळीनं माखलेली, हातात दोन वह्या आणि भूगोलाची एक. आजोबांनी पेपर आपणहून खाली ठेवला.

"झालं काय तुला तीन दिवस?"

तिनं आधी उतारा दिला, टाकी फुटून जन्माची पुस्तकं भिजल्याचंही सांगितलं. त्यांनी तो वाचला, "ताप" शब्दावर थोडे थांबले आणि तिला वाटलं होतं तेच म्हणाले, "बाळंतिणीलाही ताप येतो."

मग तिनं पहिली वही उघडून तीन जूनचं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं.

आजोबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, घातला. मीटर वाचायचे तसे वाकून त्यांनी तो आकडा वाचला. त्यांचे ओठ हलत होते. तीन जून, वजा पंधरा.

"एकोणीस मे," ते म्हणाले.

"हो."

"पण शाळेच्या दाखल्यावर..."

"शाळेत नाव घालायला तुम्हाला कोण घेऊन गेलं होतं?"

"अण्णा."

"वही घेऊन गेले असतील का?"

भोंग्यानं दुसरी वही उघडून ऑक्टोबरची कोरी पानं त्यांच्यापुढे धरली.

"हेडमास्तरांनी तारीख विचारली असणार," ते हळूहळू म्हणाले. "फाटका खिसा. जे जे वहीत लिहिलं ते ते डोक्यातून गेलेलं. आणि जी एकच तारीख कुठल्याच वहीत लिहिली नाही..." त्यांनी कोऱ्या पानांवरून अंगठा फिरवला. "तेवढीच राहिली होती डोक्यात. तीच सांगून आले."

मग एकाएकी त्यांनी मान वर केली. "म्हणून मी वर्गात सगळ्यांहून हातभर उंच होतो! खांब म्हणायची पोरं मला. खांब! अगं, आठ वर्षांचा घोडा पहिलीत बसवला होता!"

"आणि आजोबा, तुम्ही रिटायर..."

"दोन वर्षं उशिरा झालो! दोन वर्षं जास्त मीटर वाचले मी! त्या पुस्तकं भिजवणाऱ्या खात्यासाठी!" ते हसायला लागले. असे हसले की खुर्ची करकरली, आणि भोंग्यालाही हसू आवरेना. पण हसता हसता आजोबांचा हात परत त्या आकड्यावर गेला आणि तिथंच राहिला. "म्हणजे दोन वर्षं होती ती," ते म्हणाले. "दोन वर्षं आणि वर चार महिने. मी होतो आणि ती पण होती."

"आत्या का रडली मग?"

"मी विचारलं म्हणून असेल. चौथीतल्या पोरानं असं विचारल्यावर कोण रडणार नाही? मी पूर्ण उत्तराची वाटच बघितली नाही." आणि जरा वेळानं, "त्यानंतर कुणालाच विचारलं नाही."

भोंग्यानं दुसऱ्या वहीची पानं मागे उलटली. चार सप्टेंबर. आजोबांनी वाचायला घेतलं, पण ऊन उतरलं होतं, शाई फिकी होती आणि चष्मा आता पुसून उपयोग नव्हता.

"तू वाच," ते म्हणाले.

भोंग्यानं वही घेतली. आंतरशालेय पहिला नंबर, तीनशे माणसांसमोर न अडखळता बोललेली भोंगा, आणि घशातून फुर्रर्र असा काहीतरी आवाज आला.

"ऐकू येत नाही," आजोबा म्हणाले. "मोठ्यानं वाच."

"मोठ्यानं?"

"भोंगा ना तू? मग वाज की!"

मग तिनं एक मोठा श्वास घेतला आणि वाचलं, असं वाचलं की समोरच्या काकू हातातलं काम टाकून खिडकीत आल्या, आणि आई जिन्यानं धावत वर आली.

"चार सप्टेंबर. घरचा मुलगा. सदरा. छाती वीस, लांबी तेरा, बाही सात. स्वस्थ उभा राहत नाही, आईने धरला. माप नक्की नाही. दोघेही हसत होते."

आजोबांनी डोळे मिटले होते.

"परत," ते म्हणाले.

भोंग्यानं परत वाचलं. आवाज कमी न करता.